मुक्काम वाढला, पॉलिसी वाढवली का?

“व्हिसा दहा वर्षांचा आहे, मग घाई कसली?” मुलाकडे-मुलीकडे अमेरिकेत गेलेल्या आई-वडिलांच्या तोंडी हे वाक्य हमखास ऐकू येतं. पासपोर्टवरचा व्हिसा दहा वर्षांचा असतो हे खरंच. पण त्याच्या जोरावर फक्त तिथल्या विमानतळावर उतरून आत येऊ द्या म्हणता येतं. आत किती दिवस राहायचं ते इमिग्रेशनचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत जाते. बी-२ व्हिसावर बहुधा सहा महिने मिळतात. ही नोंद हल्ली कागदावर हातात पडत नाही. सीबीपी या सीमा खात्याच्या वेबसाइटवर पासपोर्टचा नंबर घालून ती पाहावी लागते. पोचल्यावर जेट लॅग उतरला की पहिलं काम हे करा, तारीख बरोबर आहे ना ते बघा आणि पीडीएफ जपून ठेवा.

तिसरी तारीख विम्याची. ती बहुतेक घरांत कुणाच्या डोक्यातच नसते. पॉलिसी तिकिटाबरोबर निघते, एजंट ती व्हॉट्सअॅपवर पाठवतो आणि ती तिथेच राहते. मुक्काम वाढवायचं ठरलं की सगळं घर आय-९४ च्या मागे लागतं. फॉर्म भरला, फी गेली, पावती आली की हुश्श होतं. पॉलिसी मात्र परतीच्या जुन्या तारखेला मुकाट्याने संपते. तुमचा अर्ज पेंडिंग आहे की मंजूर झालाय, याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. सत्तरीच्या माणसाने अमेरिकेत विम्याशिवाय काढलेले दिवस बऱ्याचदा नेमके हेच असतात: मूळ सहा महिने संपलेले, मुदतवाढीचा निकाल न आलेला, आणि घरात “पावती आहे ना, मग काय” असं वातावरण.

मुदतवाढीचा अर्ज

फॉर्मचं नाव आय-५३९. तो यूएससीआयएस या खात्याकडे जातो आणि आय-९४ ची तारीख संपायच्या निदान ४५ दिवस आधी भरावा असं खातंच सांगतं. एप्रिल २०२४ पासून फी ऑनलाइन अर्जाला ४२० डॉलर आणि कागदी अर्जाला ४७० डॉलर आहे. भरायच्या दिवशी ती पुन्हा एकदा तपासा, कारण हे आकडे बदलत असतात. नवरा-बायको दोघांचा अर्ज एकत्र करता येतो, दुसऱ्यासाठी आय-५३९ए जोडायचा. सोबत मुक्काम का वाढवायचा याचं पत्र, राहण्या-खाण्याचा खर्च कोण करणार याचा पुरावा, परतीचं तिकीट आणि भारतात परत जाण्याला कारण आहे हे दाखवणारे कागद लागतात: घर, पेन्शन, शेती, मागे असलेलं कुटुंब. मागितलेल्या मुदतीत पासपोर्टही चालू असायला हवा.

कारण खरं लिहा आणि नेमकं लिहा. मुलीचं सिझेरियन झालंय, ती सावरेपर्यंत सोबत हवी आहे, हे समजण्यासारखं कारण आहे. “नातवाला सांभाळायला पाळणाघर परवडत नाही म्हणून” असं मात्र चुकूनही लिहू नका. आजी-आजोबांनी नातवंड सांभाळणं आपल्याला जगातली सर्वांत साधी गोष्ट वाटते. तिथल्या अधिकाऱ्याला त्यात पर्यटक व्हिसावर केलेलं बिनपगारी काम दिसू शकतं. बाळंतपणाला आलेल्या आजीलाही विमानतळावर हा प्रश्न विचारला जातो, तेव्हा अर्जात तरी तो आपण होऊन ओढवून घेऊ नये.

अर्ज वेळेत पोचला की पावती येते, आय-७९७सी. अर्जाचा निकाल येईपर्यंत तिथे थांबलात तरी बेकायदा वास्तव्याचे दिवस मोजले जात नाहीत. अर्ज नामंजूर झाला, तर नकाराच्या दुसऱ्या दिवसापासून ते मोजायला सुरुवात होते आणि मग बॅगा भरण्यात वेळ घालवायचा नसतो. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून निघालेल्याला तीन वर्षं आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिलेल्याला दहा वर्षं अमेरिकेत पुन्हा प्रवेश नाही, असा कायदा आहे.

एक गोष्ट सल्लागारही सांगायला विसरतात. निकाल यायला कित्येकदा इतके महिने जातात की तुम्ही जी तारीख मागितली होती तीच उलटून जाते. समजा, ३१ मार्चपर्यंत मुदत मागितली आणि ३१ मार्च आला तरी अर्ज पेंडिंगच आहे. अशा वेळी “निकाल आला नाही म्हणजे राहायला हरकत नाही” असं समजू नका. त्या तारखेच्या आत निघा, किंवा खरंच थांबणं भाग असेल तर तारीख उलटायच्या आधी नवा अर्ज भरा. निकाल न येता निघालात तर काही बिघडत नाही. पावतीची प्रत आणि निघाल्याचे बोर्डिंग पास पुढच्या खेपेसाठी सांभाळून ठेवा, कारण पुढच्या वेळी अधिकारी “मागच्या वेळी आठ महिने कसे राहिलात?” असं विचारू शकतो.

विमा: कुठला, किती आणि कधी वाढवायचा

आधी एक गैरसमज. भारतातली मेडिक्लेम पॉलिसी, मग ती कितीही जुनी असो, साधारणपणे भारतातल्या उपचारांपुरतीच असते. निवृत्तांना मिळणारी सरकारी आरोग्य योजनाही अमेरिकेतल्या हॉस्पिटलात दाखवून उपयोग नाही. तिथे चालेल तो प्रवासासाठी वेगळा घेतलेला विमा.

तो दोन ठिकाणांहून घेता येतो. भारतीय कंपनीची ट्रॅव्हल पॉलिसी निघण्याआधी घ्यावी लागते. ती बहुधा १८० दिवसांपर्यंतची असते आणि पुढे वाढवता येते, पण अटी असतात: मूळ मुदत संपायच्या आत विनंती करायची, प्रकृती ठीक असल्याचं लिहून द्यायचं, आणि मधल्या काळात क्लेम झाला असेल तर वाढवून द्यायचं की नाही हे कंपनी ठरवणार. थोडक्यात, ज्याला पॉलिसीची सर्वांत जास्त गरज पडली त्यालाच ती वाढवून मिळण्याची खात्री सर्वांत कमी. दुसरा पर्याय अमेरिकी कंपन्यांच्या ‘व्हिजिटर इन्शुरन्स’चा. तो तिथे पोचल्यावरही घेता येतो, महिन्यामहिन्याने वाढवता येतो आणि अनेक योजनांत वर्षभर किंवा त्याहून पुढेही नेता येतो. आधी परत निघालात आणि क्लेम केला नसेल तर उरलेल्या दिवसांचा हप्ता थोडी फी कापून परत देणाऱ्या योजनाही आहेत. म्हणून माझं मत असं की, मुक्काम लांबण्याची जराशी जरी शक्यता असेल तरी पॉलिसी सुरुवातीलाच लांब मुदतीची घ्यावी. मुलीची प्रसूतीची तारीख माहीत असताना सहा महिन्यांची पॉलिसी काढून “बघू पुढचं पुढे” म्हणणं यात काटकसर नाही, नुसता आळस आहे.

पॉलिसी वाढवणं आणि नवी घेणं यातला फरक नीट समजून घ्या. चौथ्या महिन्यात आईला पित्ताशयाचा त्रास निघाला, तिथल्या डॉक्टरने तपासलं आणि औषधावर भागलं असं समजा. जुनी पॉलिसी न तुटता वाढवली, तर अनेक योजनांत तो त्रास विम्याच्या काळात उद्भवलेला म्हणून गणला जातो. ती संपू दिली आणि आठवड्याने नवी घेतली, तर नव्या पॉलिसीच्या लेखी तोच पित्ताशय ‘प्री-एक्झिस्टिंग’, म्हणजे आधीपासूनचा आजार. ऑपरेशनची वेळ आली की हा एका आठवड्याचा खंड फार महाग पडतो.

आधीपासूनचा आजार हा आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांचा मुख्य प्रश्न. बीपी, शुगर, थायरॉइड, पूर्वी घातलेला स्टेंट, यातलं काहीच नाही असं जोडपं साठीनंतर सापडणं अवघड. ट्रॅव्हल पॉलिसीत हे आजार सहसा वगळलेले असतात. काही अमेरिकी योजना ‘अक्यूट ऑनसेट’ नावाची सवलत देतात. आधीचा आजार अचानक, कुठलीही पूर्वसूचना न देता उफाळला आणि ठरलेल्या वेळात, बऱ्याच योजनांत चोवीस तासांत, उपचार सुरू झाले तर खर्च दिला जातो. ही सवलत वयाप्रमाणे आक्रसते. सत्तरीनंतर रक्कम कमी होते आणि ऐंशीनंतर कित्येक योजनांत ती नसतेच. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘प्री-एक्झिस्टिंग कव्हर्ड’ असं दिसलं तरी पॉलिसीच्या मजकुरात या शब्दांची व्याख्या शोधून वाचा. त्या एका परिच्छेदासाठी चष्मा पुसायला हरकत नाही.

आता पैशाचा हिशोब. योजना दोन जातींच्या. एकीत प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम: इमर्जन्सी रूमला इतके, खाटेला दिवसाला इतके, सर्जनला इतके. दुसरीत ठरावीक वाटा आपला, बाकी कंपनीचा. समजा, तीन दिवस हॉस्पिटलात काढले आणि बिल ३०,००० डॉलर झालं. दुसऱ्या जातीच्या योजनेत डिडक्टिबल २५० डॉलर, त्यापुढच्या ५,००० डॉलरवर वीस टक्के आपले आणि मग पुढचं सगळं कंपनीचं, अशी रचना असेल तर खिशातून गेले २५० अधिक १,०००, म्हणजे १,२५० डॉलर. पहिल्या जातीच्या योजनेत खाटेचे दिवसाला १,५०० धरून ४,५०० आणि बाकी सगळ्याचे मिळून आणखी चार हजार मिळाले असं मानलं, तरी साडेएकवीस हजार डॉलर अंगावर. विम्याची एकूण रक्कम दोन्ही कागदांवर एक लाख डॉलरच छापलेली असू शकते. पहिली स्वस्त असते, म्हणून तीच जास्त घेतली जाते. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, पण बेरीज-वजाबाकी अशीच चालते. वाटा उचलणाऱ्या योजनेतही हॉस्पिटल कंपनीच्या नेटवर्कमधलं असेल तरच हा हिशोब जुळतो, तेव्हा घराजवळचं नेटवर्कमधलं हॉस्पिटल आणि अर्जंट केअर कुठलं, हे आजारी पडण्याआधी शोधून ठेवा.

जाता जाता औषधांचं. सहा महिन्यांच्या हिशोबाने नेलेल्या गोळ्या आठव्या महिन्यात संपतात आणि तिथला फार्मासिस्ट सहसा भारतातल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर गोळी देत नाही. पट्टी संपत आल्यावर धावपळ करण्यापेक्षा मुदतवाढ ठरली त्याच आठवड्यात तिथल्या डॉक्टरकडून चिठ्ठी लिहून घ्या. बाटलीवर भारतातलं ब्रँडचं नाव सापडणार नाही, म्हणून प्रत्येक गोळीचं जेनेरिक नाव आणि मात्रा इंग्रजीत लिहिलेला एक कागद पाकिटात असू द्या. आणि पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबर लक्षात ठेवावा. हयातीचा दाखला द्यायचा महिना मुक्काम वाढवताना हमखास आड येतो. तो भारतीय दूतावासातूनही मिळतो.

रात्री दोन वाजता

छातीत दुखायला लागतं ते नेहमी अशाच वेळी. वडील उठून पलंगाच्या कडेला बसलेले, कपाळावर घाम, आणि मुलगा काही विचारायच्या आत स्वतःच निकाल देतात: “काही नाही रे, गॅसेस झालेत. ओवा दे जरा. उगाच त्यांना बोलावू नकोस, केवढं बिल येतं.” आई ओवा आणि काळं मीठ घेऊन येते. मुलगा फोन हातात धरून उभा. सून बाळाला घेऊन दारात. सकाळपर्यंत पाहू, असं ठरायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

असं ठरवू नका. हृदयाच्या झटक्यात गेलेला प्रत्येक तास स्नायू मारतो, हे कारण पुरेसं आहेच. शिवाय वर सांगितलेली चोवीस तासांची अट इथे लागू होते. त्रास दोन दिवस अंगावर काढला असं केस पेपरवर लिहिलं गेलं, तर ‘अचानक उद्भवलेला’ म्हणून केलेला क्लेम तिथेच लंगडा होतो. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूची शक्ती जाणं, श्वास लागणं, शुद्ध हरपणं, यातलं काहीही दिसलं की ९११. ताप, पाय मुरगळणं, लघवीची जळजळ अशांसाठी अर्जंट केअर, तिथलं बिल इमर्जन्सी रूमच्या मानाने कितीतरी कमी.

विमा संपलेला असला तरी इमर्जन्सी रूममधून हाकलून देणार नाहीत. १९८६ च्या एम्टाला कायद्याप्रमाणे मेडिकेअर घेणाऱ्या हॉस्पिटलला, म्हणजे जवळपास प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलला, आलेल्या माणसाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. पैसे, विमा, व्हिसा यातलं काहीही आड आणता येत नाही. अर्थात बिल माफ होत नाही, ते नंतर येतंच. पण पेंडिंग अर्जामुळे आपल्याला दारातच अडवतील या भीतीने घरी थांबू नका.

पोचल्यावर दुभाष्या मागा. केंद्र सरकारचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलांना ही सोय मोफत द्यावी लागते आणि मराठी दुभाष्या बहुधा फोनवर किंवा स्क्रीनवर येतो. मुलगा आहेच, मग दुभाष्या कशाला, असं वाटेल. पण “छातीत धडधडतंय”, “कळ मारते”, “जीव घाबरा होतोय” यांत डॉक्टरच्या दृष्टीने मोठा फरक असतो. घाबरलेला मुलगा तिन्हीसाठी एकच ‘पेन’ सांगतो. शिवाय वडील काही गोष्टी मुलासमोर बोलत नाहीत. तपासणीच्या वेळी बीपी कधीपासून, शुगर कधीपासून असं विचारलं की खरं सांगा. विम्यासाठी लपवावं असा मोह होतो. पण उपचार चुकण्याचा धोका तर आहेच, आणि कंपनी नंतर पुण्या-नाशिकच्या फॅमिली डॉक्टरकडून जुने कागद मागवतेच.

माहिती मुलाला देण्याची परवानगीही लेखी दिलेली बरी. तिथल्या गोपनीयतेच्या नियमांमुळे पोटच्या पोरालाही नर्स फोनवर सगळं सांगेलच असं नाही. आई-वडील शुद्धीवर असताना तो फॉर्म सही करून घ्या. वय जास्त असेल तर ‘हेल्थ केअर प्रॉक्सी’चा कागद, म्हणजे स्वतःला बोलता येत नसेल तर निर्णय कुणी घ्यायचे याचं पत्र, आधीच करून ठेवणं शहाणपणाचं.

भरती केलं की विमा कंपनीला फोन. बऱ्याच योजनांत भरती झाल्यापासून २४ किंवा ४८ तासांत कळवण्याची अट असते आणि ती चुकली तर मिळणाऱ्या रकमेला कात्री लागते. कार्डाच्या मागे नंबर असतो. बोललेल्या माणसाचं नाव, वेळ आणि संदर्भ क्रमांक लिहून ठेवा.

बिलं एकदम येत नाहीत. हॉस्पिटलचं एक, डॉक्टरचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं, भूल देणाऱ्याचं वेगळं, अँब्युलन्सचं आणखी वेगळं, आणि यातली काही तर आई-वडील घरी परतल्यावर पत्रपेटीत पडतात. पहिलं पाकीट आलं की घाबरून क्रेडिट कार्ड काढू नका. बाबवार बिल मागा, ते विमा कंपनीकडे पाठवा आणि तिचा निर्णय येईपर्यंत थांबायची विनंती हॉस्पिटलच्या बिलिंग खात्याला लेखी करा. विमा नव्हताच, तर ‘फायनान्शियल असिस्टन्स’चा अर्ज मागा. ना-नफा तत्त्वावरच्या हॉस्पिटलांना असं धोरण कायद्याने ठेवावंच लागतं, पण विचारल्याशिवाय कुणी सांगायला येईलच असं नाही. विमा नसलेल्यांना सवलतही मिळते, घासाघीसही चालते. ती करायला लाजू नये, तिथले लोकही करतात.

डॉक्टर म्हणाले, आत्ता विमान नको

आजारपणाने परतीची तारीखच हुकू शकते. आय-९४ अजून चालू असेल तर आय-५३९ भरताना डॉक्टरचं पत्र जोडा. पत्रात निदान, प्रवास का करू नये आणि साधारण कधीपर्यंत, या तीन गोष्टी हव्यात. “रुग्ण उपचार घेत आहे” एवढंच असलेलं पत्र फार कामाचं नाही. आय-९४ ची तारीख आयसीयूच्या बाहेर बसून असतानाच निघून गेली असेल, तरी हात झटकू नका. आपल्या हाताबाहेरच्या असाधारण कारणाने उशीर झाला आणि तो त्या कारणाच्या मानाने वाजवी आहे, हे दाखवता आलं तर उशिराचा अर्जही खातं विचारात घेऊ शकतं. अशा वेळी स्वतः फॉर्म भरत बसण्यापेक्षा इमिग्रेशन वकिलाला दिलेले पैसे वाया जात नाहीत.

पॉलिसीची मुदत रुग्ण हॉस्पिटलात असतानाच संपली तर काय, हा प्रश्न घेतानाच विचारा. काही योजना चालू आजारासाठी पुढे काही दिवस देतात, काही देत नाहीत. विमानाने न्यायचं ठरलं तर एअरलाइनचा वैद्यकीय फॉर्म भरावा लागतो आणि तो उपचार करणाऱ्या डॉक्टरकडूनच. स्ट्रेचर किंवा सोबत नर्स लागणार असेल तर ‘मेडिकल इव्हॅक्युएशन’ पॉलिसीत आहे का ते बघा. ही सोय कंपनीने स्वतः ठरवून केली तरच तिचा खर्च मिळतो. आपण आपलं विमान ठरवून नंतर बिल पाठवलं तर कंपनी हात वर करते.

आणि माणूस तिथेच गेला तर? हा परिच्छेद लिहायला नको वाटतो, पण ज्यांच्यावर ती वेळ येते त्यांना त्या दिवशी शोधायची ताकद नसते. पॉलिसीत ‘रिपॅट्रिएशन ऑफ रिमेन्स’ हे कलम असतं. आधी विमा कंपनीला कळवा, मग फ्युनरल होम ठरवा. पार्थिव भारतात न्यायचं तर भारतीय दूतावासाचं ना-हरकत पत्र लागतं. त्यासाठी मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचं प्रमाणपत्र, संसर्गजन्य आजार नसल्याचं पत्र, फ्युनरल होमचं पत्र आणि मूळ पासपोर्ट जमवावा लागतो. दूतावास तो पासपोर्ट रद्द करतो आणि मृत्यूची नोंद करतो. तिथेच अग्नी देऊन अस्थी नाशिकला किंवा आळंदीला न्यायच्या असतील तरी दहनाचं प्रमाणपत्र आणि दूतावासाचं पत्र बरोबर हवं. दूतावासाचा तातडीचा फोन सुट्टीच्या दिवशीही चालू असतो.

इमर्जन्सी भारतात असेल तर

उलटी बातमीही येते. धाकटा भाऊ अत्यवस्थ आहे, ताबडतोब या. आई-वडिलांना यात अडचण नाही: मुदतवाढीचा अर्ज पेंडिंग असला तरी खुशाल निघावं. तो अर्ज थांबण्याच्या परवानगीसाठी होता, थांबायचंच नाही तर प्रश्न मिटला. पासपोर्ट सापडत नसेल किंवा मुदत संपलेला असेल तर दूतावास भारतात परतण्यापुरतं ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ देतो.

मुलाचं मात्र तसं नाही. ग्रीन कार्डचा आय-४८५ अर्ज पेंडिंग असताना ‘अॅडव्हान्स परोल’, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी, न घेता देश सोडला, तर तो अर्ज सोडून दिला असं मानलं जातं. एच-१बी आणि एल-१ वाल्यांना, तसंच एच-४ आणि एल-२ वरच्या त्यांच्या जोडीदारांना यातून सूट आहे. पण पासपोर्टवरचा व्हिसा संपला असेल तर परत येताना भारतात नवा लावून घ्यावा लागतो, आणि २ सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीतून मिळणारी सूट बहुतेकांसाठी बंद झाल्याने पूर्वीचा ड्रॉपबॉक्सचा रस्ता उरलेला नाही. व्हिसाचा प्रकार बदलण्याचा अर्ज पेंडिंग आहे, उदाहरणार्थ एच-४ वरून एफ-१, तर देश सोडताक्षणी तो अर्ज बाद. वडिलांच्या अंत्यदर्शनाला जायचं आणि सहा महिने परतता आलं नाही तर नोकरीचं काय, हा विचार विमानतळाच्या वाटेवर करायचा नसतो. माझ्या मते आय-४८५ भरतानाच आय-१३१ भरून अॅडव्हान्स परोल घेऊन ठेवावा, मग जायचा बेत असो वा नसो.

तो हातात नसेल आणि वेळ येऊन ठेपली, तर यूएससीआयएसच्या मदत केंद्राला फोन करून जवळच्या कार्यालयात तातडीची भेट मागता येते. भरलेला आय-१३१, फी, फोटो, आय-४८५ ची पावती आणि तातडीचा पुरावा घेऊन जायचं. पुराव्यात हॉस्पिटलच्या लेटरहेडवरचं, सही-शिक्क्याचं आणि त्याच दिवशीच्या तारखेचं पत्र हवं. भारतातल्या भावंडांना व्हॉट्सअॅपवर नेमकं काय मागायचं ते सांगा. नाहीतर ते आयसीयूतल्या बाबांचा फोटो पाठवतात आणि पत्र राहून जातं. मृत्यूचा दाखला महापालिकेचा असला तर बहुधा मराठी-इंग्रजी दोन्हींत असतो. ग्रामपंचायतीचा किंवा तालुक्याच्या दवाखान्याचा कागद नुसत्या मराठीत असेल तर त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडा आणि त्याखाली भाषांतर करणाऱ्याने आपल्याला दोन्ही भाषा येतात व भाषांतर अचूक आहे असं लिहून सही करायची. हे काम कुठलाही जाणकार मित्र रात्रीत करू शकतो, त्यासाठी नोटरी शोधत फिरायला नको.

अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्या मुलांची अडचण आणखी निराळी. भारतीय पासपोर्ट परत केलेला, ओसीआयचा अर्ज पेंडिंग, आणि भारतात जायला आता त्यांनाच व्हिसा हवा. ई-व्हिसाला निदान चार दिवस हाताशी लागतात. तेवढा वेळ नसेल तर दूतावासाकडे तातडीचा व्हिसा मागावा लागतो, आणि तिथेही पहिली मागणी असते ती हॉस्पिटलच्या किंवा मृत्यूच्या कागदाचीच. ओसीआय कार्ड यायच्या आधी नातवंडांच्या पासपोर्टच्या तारखाही पाहून घ्या. आजोबांना बघायला निघालेलं कुटुंब एका पाच वर्षांच्या मुलाच्या संपलेल्या पासपोर्टपायी अडकतं.